प्रवाह जिथे भेटतात ती जागा हलतेय, त्याची बातमी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर अटलांटिकचा प्रवाह बंद पडणार आणि युरोप गोठणार अशा अर्थाची एक छोटी चौकट आली होती. सहा-सात ओळी, खाली बर्फाचा फोटो, बस्स. त्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना फोटो परत फिरला, निळं पाणी आणि मातकट पाणी शेजारी शेजारी, मध्ये फेसाची रेघ, "दोन महासागर भेटतात पण मिसळत नाहीत". मी शाळेत आठवी ते दहावीला भूगोल शिकवते, सागरी प्रवाह दरवर्षी शिकवते, त्यामुळे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी वाचल्यावर गप्प बसवेना म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल, पण कापलंत तरी शेवटची मागणी तेवढी कापू नका ही विनंती.

आधी त्या फोटोचं. तो फोटो दोन महासागरांचा नाहीच. अलास्काच्या आखातात 2007 साली केन ब्रुलंड नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने बोटीवरून काढलेला आहे, आणि त्यातलं मातकट पाणी हे हिमनद्यांच्या नद्यांनी आणलेलं बारीक गाळाचं पाणी आहे. ते समुद्राच्या पाण्यात मिसळतं, फक्त वेळ लागतो. आणि ती रेघ एका जागी कधीच नसते, आज इथे उद्या तिथे. फॉरवर्ड करणारे म्हणतात मिसळत नाही, कायमची सीमा आहे. मला वाईट याचं वाटतं की जी खरी गोष्ट आहे, म्हणजे भेटीची जागा सरकते, तीच नेमकी त्या फोटोखालच्या ओळीत उलटी सांगितलेली असते.

आमच्या पुस्तकातही थोडं असंच होतं हे सांगायला हवं. नकाशात उष्ण प्रवाह तांबडा बाण, शीत प्रवाह निळा बाण, मुलं रंगीत पेन्सिलीने छान गिरवतात आणि पेपरात प्रश्न येतो, न्यूफाउंडलंडजवळ दाट धुके का असते, भौगोलिक कारणे द्या. उत्तर पाठ असतं: गल्फ स्ट्रीमचं गरम पाणी आणि लॅब्राडोरचं थंड पाणी तिथे एकत्र येतं, गरम दमट हवा थंड पाण्यावरून गेली की धुकं होतं, आणि दोन प्रवाहांच्या संगमामुळे माशांना खाद्य भरपूर म्हणून ग्रँड बँक हे मोठं मत्स्यक्षेत्र. उत्तर चूक नाही, मार्क पूर्ण द्यावे लागतात. पण ज्या ग्रँड बँकचा आपण गोडवा गातो तिथल्या परिसरातली कॉडची मासेमारी कॅनडा सरकारला 1992 मध्ये बंद करावी लागली, मुख्य कारण बेसुमार मासेमारी, आणि ती बंदी उठायला 2024 उजाडलं. हे पुस्तकात नाही. आणि ते दोन बाण जिथे भेटतात ती जागाच गेल्या काही दशकांत हलते आहे, हेही नाही.

आता हे हलणं म्हणजे नेमकं काय ते सांगते कारण पेपरात हे कधी धड येत नाही. आधी पाणी किती ते बघा. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून गल्फ स्ट्रीमचं जे पाणी जातं ते सेकंदाला साधारण 3 कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत सेकंदाला एक टीएमसीपेक्षा थोडं जास्त. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली की मिळून साधारण 29 टीएमसी होतात, ज्याच्यावर अख्खं पुणे आणि खालची शेती वर्ष काढते, ते सगळं पाणी तिथून अर्ध्या मिनिटात निघून जातं. एवढं पाणी पुढे उत्तरेला जाऊन थंड प्रवाहाला भेटतं, आणि या भेटीची जागा थोडी जरी इकडची तिकडे झाली तरी शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्याचं पाणी बदलतं.

झालं तसंच. 2008 च्या सुमाराला ग्रँड बँकच्या दक्षिण टोकापाशी गल्फ स्ट्रीमचं गरम पाणी जास्त आत घुसायला लागलं, त्यामुळे लॅब्राडोरच्या थंड पाण्याचा पश्चिमेकडे वळण्याचा रस्ता अडला आणि पुढच्या काही वर्षांत तिथून बऱ्याच दूर, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याला असलेलं गल्फ ऑफ मेनचं पाणी झपाट्याने तापलं, इतकं की 2004 ते 2013 या काळात जगातल्या समुद्रांच्या जवळपास सगळ्याच भागांपेक्षा तिथला तापण्याचा वेग जास्त निघाला. मग तिथे जे सूक्ष्म प्राणी थंड पाण्यात वाढायचे ते कमी झाले. ते कमी झाले म्हणून उत्तर अटलांटिकचे राइट व्हेल नावाचे देवमासे, ज्यांची संख्या आता चारशेच्याही आत आहे, ते खाद्य शोधत उत्तरेला सेंट लॉरेन्सच्या आखातात जायला लागले. तिथे मोठ्या जहाजांची वाहतूक आणि खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर, आणि हे प्राणी तिथे येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं त्यामुळे वेगमर्यादा वगैरे काही नाही. 2017 च्या उन्हाळ्यात तिथे एकामागून एक मेलेले देवमासे सापडले, काही जहाजांच्या धडकेने, काही दोरात गुरफटून. कॅनडाने मग घाईघाईने जहाजांवर वेगमर्यादा आणली. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं एकदम शांत होतात, कारण बाणाची जागा बदलली याचा अर्थ तेव्हा त्यांना कळतो.

यात अजून एक बारकावा आहे. 2023 च्या शेवटापासून त्याच भागात पुन्हा थंड, कमी खारट पाणी यायला लागल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ही रेषा एकाच दिशेने सरळ चालत जात नाही, पुढे जाते मागे येते, आणि या पुढे-मागे होण्याच्या खाली एक सावकाश बदल चालू असतो. तो सावकाश बदल पकडायचा तर एकदोन वर्षांची आकडेवारी काहीच कामाची नाही, त्याला दशकं लागतात.

दक्षिण अमेरिकेतही हेच. ब्राझीलचा गरम प्रवाह खाली येतो, माल्विनासचा थंड प्रवाह वर येतो आणि अर्जेंटिना-उरुग्वेच्या समोर ला प्लाता नदीच्या मुखाच्या आसपास, साधारण 38 अंश दक्षिण अक्षांशाजवळ ते भिडतात. 1990 च्या दशकापासून उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजतायत, त्या नोंदीत ही भेटीची जागा दक्षिणेकडे सरकलेली दिसते. जपानकडे गरम कुरोशिओ आणि थंड ओयाशिओ. कुरोशिओ 2017 च्या ऑगस्टपासून जपानच्या दक्षिणेला एक मोठं वळण घेऊन वाहत होता ते वळण 2025 पर्यंत टिकलं, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यात लांबलेलं. आणि वरच्या बाजूला त्याची पुढची धार 2023 मध्ये नेहमीपेक्षा बरीच उत्तरेला, ईशान्य जपानच्या सान्रिकू किनाऱ्यासमोर जाऊन पोचली. तिकडच्या कोळ्यांच्या जाळ्यात फरक पडलाच, सान्मा मासा कमी झाला, होक्काइदोत जिथे सॅमन मिळायचा तिथे दक्षिणेकडचा बुरी मासा मिळायला लागला. विसाव्या शतकाच्या नोंदी काढून बघितल्या तर या मोठ्या उष्ण प्रवाहांच्या पट्ट्यातलं पाणी जगातल्या समुद्रांच्या सरासरीपेक्षा दुपटी-तिपटीने तापलेलं आहे. हरितगृह वायूंमुळे वाऱ्यांचे पट्टे ध्रुवांकडे सरकतात, वारे सरकले की प्रवाह सरकतात, हे त्यातलं एक मोठं कारण.

पण मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते टास्मानियाचं उदाहरण. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने गरम पाणी खाली येतं आणि टास्मानियाजवळ त्याची थंड पाण्याशी गाठ पडते. तिथे मरिया आयलंड म्हणून एक छोटं बेट आहे, त्याच्याजवळ 1944 साली, म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असताना, कुणीतरी बोटीने जाऊन पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजायला सुरुवात केली आणि ते काम पुढच्या लोकांनी चालूच ठेवलं. तेव्हा कुणाच्या डोक्यात हवामान बदल नव्हता. त्या एका वहीमुळे, म्हणजे त्या नोंदींमुळे आज ठामपणे सांगता येतं की तिथलं पाणी शतकाला दोन अंशांहून जास्त अशा वेगाने तापतंय आणि गरम प्रवाहाची पोच 1944 ते 2002 या काळात साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला गेली. तिथल्या समुद्रात केल्प नावाच्या उंच उंच शेवाळाची जंगलं होती, ती मोठ्या केल्पची जंगलं जवळपास 95 टक्के संपली. गरम पाण्याबरोबर लांब काट्यांचा सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी, खाली आला, त्याची पिल्लं हिवाळ्यात पाणी 12 अंशांच्या वर राहिलं तरच जगतात, पूर्वी ते राहत नव्हतं, आता राहतं, आणि तो अर्चिन खडकावरचं सगळं शेवाळ खाऊन खडक उघडा करून टाकतो. 12 अंश हा एक आकडा, पण तो कधी ओलांडला गेला हे कळायला कुणीतरी तिथे वर्षानुवर्षं थर्मामीटर बुडवलेला असावा लागतो ना.

म्हणून त्या "युरोप गोठणार"च्या चौकटीवर माझा आक्षेप आहे. अटलांटिकमधला तो मोठा उलटापालटीचा प्रवाह, म्हणजे गरम पाणी वरून उत्तरेला नेणारा आणि थंड पाणी खालून दक्षिणेला आणणारा, 26.5 अंश उत्तर अक्षांशावर फ्लोरिडाच्या बाजूपासून आफ्रिकेच्या बाजूपर्यंत उपकरणं टाकून सलग मोजायला सुरुवात झाली ती 2004 मध्ये. 2009-10 मध्ये तो एकदम 30 टक्क्यांनी घटला, सगळे दचकले, मग तो परत सावरला. तेव्हा कुणी "प्रवाह संपला" म्हटलं असतं तर चूक ठरलं असतं, आणि नंतर "काही झालंच नाही" म्हटलं असतं तर तेही चूक. 2021 च्या आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालात म्हटलंय की या शतकात तो कमजोर होण्याची शक्यता फार मोठी आहे, पण 2100 च्या आत अचानक कोसळणार नाही असं त्यांना मध्यम खात्रीने वाटतं. त्यानंतरच्या काही अभ्यासांनी धोका याहून जास्त असल्याचं मांडलंय आणि शास्त्रज्ञांत त्यावर वाद चालू आहे. हे एवढं लिहायला तीन ओळी जास्त लागल्या असत्या. वाचक तेवढं वाचतात हो, धरणसाठ्याची चार कॉलमची आकडेवारी रोज वाचतातच की.

आता कुणी म्हणेल पुण्यात बसून समुद्राचं काय एवढं. तर पुण्याचा समुद्राशी संबंध दोन्ही बाजूंनी आहे. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो हे सगळ्यांना माहीत. पण आपलं पाणी जातं कुठे? संगम पुलापाशी मुळा-मुठा एक होतात, पुढे भीमा, उजनी, मग कृष्णा आणि बंगालचा उपसागर, वाटेत अडवून वापरून जे उरतं ते. बंगालच्या उपसागराला गंगा-ब्रह्मपुत्रेसह अनेक मोठ्या नद्या आणि वरून पाऊस, त्यामुळे त्याचं वरचं पाणी कमी खारट. अरबी समुद्राला नद्यांचं पाणी कमी आणि बाष्पीभवन फार, त्यामुळे तो जास्त खारट. या दोन समुद्रांची खरी गाठ श्रीलंकेच्या दक्षिणेला पडते, कारण भारत आणि श्रीलंकेच्या मधली पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे, तिथून फार पाणी जात नाही. कन्याकुमारीला उभं राहून तीन समुद्र वेगळे दिसतात म्हणतात तसं डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतं. आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर जगात कुठे नाही अशी गोष्ट आपल्याकडे आहे, उत्तर हिंदी महासागरातले प्रवाह वर्षातून दोनदा दिशाच बदलतात, मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळच्या समोर येतं आणि अरबी समुद्राच्या खारट पाण्यावर पसरतं. हलकं पाणी वर, जड खाली, त्यामुळे खालचं थंड पाणी वर मिसळायला अडचण होते, आणि वरचा थर उन्हात तापत तापत एप्रिल-मेपर्यंत 30 अंशांच्या वर जातो. मान्सून केरळात येण्याच्या आधी हा जो गरम पाण्याचा साठा तयार होतो त्याचा आणि मान्सूनच्या सुरुवातीचा संबंध आपल्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलाय, 2003 मध्ये त्यासाठी अरबी समुद्रात खास मोहीम झाली होती.

म्हणजे आपल्या इथेही एक भेटीची जागा आहे, आणि तीसुद्धा बदलत्या समुद्रात आहे. पाषाणच्या आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की 1901 ते 2012 या काळात पश्चिम हिंदी महासागराचं जून ते सप्टेंबरमधलं तापमान 1.2 अंशांनी वाढलं. याच संस्थेतल्या अभ्यासात 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढलेली दिसली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मावळ-मुळशीत घरांचे पत्रे उडाले, पुण्यात झाडं पडली, दोन दोन दिवस लाइट नव्हती, ते आपल्याच पेपरात पहिल्या पानावर होतं. पण ज्या समुद्रातून ते उठलं तो कित्येक वर्षं तापत होता ही बातमी मात्र पहिल्या पानावर आल्याचं मला तरी आठवत नाही. शिवाजीनगरला हवामान खात्याचं सिमला ऑफिस, पाषाणला आयआयटीएम, इतकी माणसं या शहरात या विषयावर आयुष्य घालवतात आणि आपल्याला त्यांची आठवण येते ती फक्त "अंदाज चुकला" म्हणायला. याचं मला खरंच दुःख होतं.

हे मोजणं कसं चालतं तेही वाचकांना कळू दे. समुद्रात जगभर मिळून साधारण चार हजार आर्गो फ्लोट आहेत, माणसाच्या उंचीचा पिवळा नळकांड्यासारखा, वर अँटेना. तो हजार मीटर खाली जाऊन तरंगत राहतो, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरतो, आतला पंप तेल एका पिशवीत ढकलतो, पिशवी फुगली की फ्लोट हलका होऊन वर यायला लागतो, येता येता तापमान आणि खारटपणा मोजत येतो, वर आला की उपग्रहाला माहिती पाठवतो आणि परत खाली. दर दहा दिवसांनी हे चक्र. बॅटरी काही वर्षांत संपते, मग तो गेला, त्याच्या जागी नवीन टाकावा लागतो. म्हणजे पैसे थांबले की काही वर्षांत सगळी नोंदच थांबेल, आणि समुद्राची नोंद एकदा तुटली की ती मागे जाऊन भरता येत नाही. पॅसिफिकमध्ये हे घडलंय. एल निन्यो ओळखण्यासाठी तिथे बोयांची, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या उपकरणांची रांग आहे, 2012 मध्ये अमेरिकेने खर्चासाठी त्यांची देखभाल करणारं जहाज काढून टाकलं, आणि 2014 पर्यंत तिथून येणारी माहिती निम्म्याहून खाली आली. एल निन्यो म्हणजे आपला दुष्काळ-पाऊस, हे शेतकऱ्यालाही पाठ आहे. हिंदी महासागरातही 2004 पासून अशा बोयांचं जाळं उभं राहतंय. बोयाखाली मासे जमतात म्हणून मच्छीमार बोटी त्याला बांधतात, जाळी अडकतात, उपकरणं मोडतात, कधी कुणी काढूनही नेतं. कोळ्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण समुद्राच्या अशाच मोजमापातून हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था त्यांना मासे कुठे मिळतील ते सांगते, उपग्रहावरून गरम आणि थंड पाणी जिथे भिडतं त्या रेषा शोधून, हे रत्नागिरी-मालवणच्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत नीट पोचलं तर तो बोया तोच सांभाळेल असं मला वाटतं.

तर माझी मागणी अशी आहे. जूनपासून आपण रोज धरणसाठा छापता, त्याच पानावर मार्च ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा समुद्राची एक चौकट द्या. अरबी समुद्राचं आणि बंगालच्या उपसागराचं तापमान, गेल्या तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा किती जास्त-कमी, हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम बाजूंच्या तापमानातला फरक म्हणजे ज्याला डायपोल म्हणतात तो कुठल्या बाजूला झुकलाय, बस एवढंच. माहिती सरकारी संस्थांकडे आहे, बरीचशी खुली आहे, पण इंग्रजीत आणि अशा तक्त्यांमध्ये की सामान्य माणूस उघडून बंद करतो. ती मराठीत आणायला पाषाणचे एखादे शास्त्रज्ञ नक्की मदत करतील, विचारून तर बघा. आणि महिन्यातून एकदा जगातल्या या भेटीच्या जागांपैकी एकीवर अर्ध्या पानाचा लेख, नकाशासकट, आणि नकाशात एक बाण नको, पूर्वीची जागा आणि आताची जागा असे दोन दाखवा. मी तो कापून वर्गात लावीन, बाकीच्या शाळांमधले भूगोलाचे शिक्षकही लावतील.

शिवाय पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी जेव्हा आपले प्रतिनिधी दिल्लीहून बातम्या पाठवतात तेव्हा समुद्राच्या मोजमापासाठी, जहाजांसाठी, फ्लोटसाठी किती पैसे ठेवले, गेल्या वर्षीपेक्षा वाढले की कमी झाले, ही एक ओळ त्यात मागून घ्या.

आपली,
एक भूगोल शिक्षिका,
सिंहगड रोड, पुणे